मोठा, चावरा पाळीव बेडूक हाताळताना: बडोद्यातल्या पाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं प्रामुख्याने दोन बेडकांसाठी आहेत. पहिला दक्षिण अमेरिकेतला शिंगवाला बेडूक, ज्याला दुकानात सगळे ‘पॅकमॅन’ म्हणतात. दुसरा आफ्रिकन बुलफ्रॉग, म्हणजे पाळणाऱ्यांच्या बोलण्यातला ‘पिक्सी’. पॅकमॅनची मादी तळहाताएवढी होते. पिक्सीचा नर वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि एक किलोच्या वर भरतो. दोघांचं तोंड डोक्याइतकंच रुंद असतं, आणि ते तोंड वापरायला दोघंही मागेपुढे बघत नाहीत.

बेडूक माझ्यावर रागावलाय म्हणून चावतो का?

बहुतेक वेळा नाही. हा बसून शिकार करणारा प्राणी आहे. मातीत बुड रुतवून, फक्त डोळे वर ठेवून तासन्‌तास थांबायचं आणि तोंडासमोर काही हललं की झडप घालायची, एवढंच त्याला ठाऊक. तुमचं बोट त्याच्या लेखी जाडजूड अळी आहे. तुम्ही मालक आहात, रोज खाऊ घालता, हे त्या क्षणी त्याच्या हिशेबात नसतं.

दुसरा चावा बचावाचा असतो आणि तो आधी सूचना देऊन येतो. बेडूक अंग फुगवतो, चारही पायांवर उंच होतो, तोंड उघडं ठेवतो, कधी तान्ह्या बाळासारखा किंचाळतो. यातलं एकही लक्षण दिसलं तर हात मागे घ्या आणि अर्धा-एक तास त्याला एकटं सोडा. फुगलेल्या बेडकाला उचलायची घाई कधीच करू नये.

पिक्सीच्या नराची गोष्ट आणखी वेगळी. जंगलात तो पिल्लांच्या डबक्याची राखण करतो. डबकं आटायला लागलं की मागच्या पायांनी चर खणून पिल्लांना मोठ्या पाण्याकडे वाट करून देतो आणि जवळ येणाऱ्या कितीतरी मोठ्या प्राण्यावरही धावून जातो. हा स्वभाव काचेच्या टाकीत आल्यावर संपत नाही. हात टाकीत गेला की तो मागे सरकण्याऐवजी पुढे येतो.

चावल्यावर खरंच लागतं का? बेडकाला दात असतात?

असतात. वरच्या जबड्यात बारीक दातांची रांग असते आणि खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला हाडाचे सुळे असतात. २०१७ साली शिंगवाल्या बेडकांच्या चाव्याचा जोर मोजला गेला. साडेचार सेंटिमीटर रुंद डोक्याच्या बेडकाचा चावा सुमारे ३० न्यूटनचा निघाला, म्हणजे तीन किलोचं वजन बोटावर टेकवल्यासारखा. डोकं रुंद होत जातं तसा जोर झपाट्याने वाढतो.

पॅकमॅनचा चावा बहुतेक वेळा चिमट्यासारखा लागतो आणि टोचल्याचे लाल ठिपके राहतात. मोठ्या पिक्सीच्या चाव्याने कातडी फाटते आणि रक्त येतं.

तो विषारी आहे का? रेबीजची सुई घ्यावी लागेल का?

रेबीज फक्त सस्तन प्राण्यांपासून होतो, त्यामुळे बेडूक चावल्यावर ती सुई लागत नाही. हे दोन्ही बेडूक दंशातून विष सोडत नाहीत. मात्र त्यांच्या कातडीवरचा चिकट स्राव डोळ्यांत गेला तर आग होते. तसं झालं तर वाहत्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं डोळा धुवा.

खरी काळजी जिवाणूंची. निरोगी दिसणाऱ्या बेडकाच्या अंगावर आणि टाकीच्या पाण्यात साल्मोनेला असू शकतो. म्हणून टाकीतलं भांडं स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुवायचं नाही. मोरीत किंवा बाथरूममध्ये धुवा आणि नंतर ती जागाही घासून घ्या.

चावला आणि सोडतच नाहीये. आत्ता काय करू?

हात ओढू नका. ही एक गोष्ट पाळली तर बाकी सगळं सोपं होतं. ओढल्यावर तुमची कातडी सुळ्यावर चिरत जाते, त्याचा सुळा मोडू शकतो, जबड्याचं हाड दुखावतं, आणि जबडा दुखावलेला बेडूक खायचं सोडतो. शिवाय हिसक्याने तो फरशीवर आपटण्याची भीती असते. ओट्याच्या उंचीवरून पडलेल्या एवढ्या वजनाच्या बेडकाला आतून मार बसतो आणि तो वरून दिसत नाही.

बोट तोंडात तसंच ठेवून हात हळूच खाली न्या, म्हणजे त्याचे चारही पाय टाकीच्या मातीला किंवा टबच्या तळाला टेकतील. अधांतरी लटकलेला बेडूक पकड आणखी घट्ट करतो. पाय टेकले की हात दगडासारखा स्थिर ठेवा. त्याचे डोळे आत ओढले गेलेले दिसतील. बेडूक डोळ्यांचे गोळे आत दाबून घास मागे ढकलतो, म्हणजे तो तुमचं बोट गिळायच्या प्रयत्नात आहे. हलणं थांबलं आणि घास मागे जाईना, की बहुतेक बेडूक स्वतःच तोंड उघडतात. पाच-दहा सेकंद पुरतात. दुखत असताना ती फार मोठी वाटतात, पण थांबा.

अर्धा मिनिट झाला तरी सुटत नसेल तर तोंडाच्या कडेवर साध्या तापमानाच्या पाण्याची बारीक धार सोडा. त्यानेही भागलं नाही, तर जुनं एटीएम कार्ड किंवा तसलंच बोथट, पातळ प्लास्टिक ओलं करून जबड्याच्या कोपऱ्यातून आडवं सरकवा आणि किंचित कलतं करा. पुढून घालायचं नाही, कारण सुळे तिथेच असतात. चमचा, सुरी, स्क्रू-ड्रायव्हर यांतलं काही नको.

लिंबू, मीठ, व्हिनेगर, तंबाखूचं पाणी, सॅनिटायझर हे घरोघरी सुचवले जाणारे उपाय बेडकाच्या जिवावर बेततात. त्याची कातडी टीपकागदासारखी आहे. अंगावर पडलेलं रसायन थेट आत जातं.

जखमेवर काय लावायचं?

साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान पाच मिनिटं धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन. हळद भरू नका. जखम खोल असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या डोसला पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर डॉक्टरांकडे जा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत लाली पसरली, सूज किंवा ठणका वाढला, पू आला किंवा ताप भरला तरीही जा, आणि बेडूक चावल्याचं स्पष्ट सांगा. लाज वाटून ‘खिळा लागला’ म्हटलं तर औषध चुकू शकतं. मधुमेह असलेल्यांनी लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी दाखवावं.

रोज थोडा वेळ हातात घेतला तर माणसाळेल ना?

नाही. कुत्रा-मांजर माणसाळतं तसा बेडूक माणसाळत नाही. तो फार तर शांत बसायला लागतो, आणि ते बसणं अनेकदा थिजल्यामुळे असतं. उलट हातातून खाऊ घातला तर हात म्हणजे खाणं ही गाठ पक्की बसते आणि चावणं वाढतं. आमचं मत ठाम आहे: ज्यांना हातात खेळवायचा प्राणी हवाय त्यांनी हा बेडूक घेऊ नये. हा बघायचा प्राणी आहे, आणि बघायला फार सुंदर आहे.

मग हात लावायचा तरी कधी?

पूर्ण माती बदलताना, वजन करताना, डॉक्टरांकडे नेताना आणि अंगावर काही जखम दिसली तर. महिन्यातून एक-दोनदा, त्याहून जास्त नाही. खाल्ल्यानंतर अठ्ठेचाळीस तास अजिबात हलवू नका, घास ओकून टाकतो. कात टाकत असतानाही नको. त्या वेळी तो अंगाला पीळ देतो, जांभया देतो, डोळे मिटतो आणि सुटलेली कातडी स्वतःच खातो. नवख्या माणसाला झटके आल्यासारखं वाटतं आणि तो घाबरून उचलायला जातो.

न चावता बाहेर काढायची खात्रीची पद्धत कोणती?

डब्याची. हाताचा बेडकाशी संबंधच येऊ द्यायचा नाही.

पॅकमॅनला तीन-चार लिटरचा, पिक्सीला दहा-बारा लिटरचा, मऊ कडांचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. झाकण घट्ट बसणारं हवं. भोकं गरम सळईने पाडली असतील तर आतल्या बाजूच्या कडा घासून गुळगुळीत करा. डब्यात क्लोरीन काढलेलं पाणी फिरवून ओतून टाका, म्हणजे आतून ओला राहील. झाकण किंवा जाड प्लास्टिकची फळी, आपली भाजी चिरायची पातळ फळी असते तशी पण फक्त या कामासाठी ठेवलेली, दुसऱ्या हातात धरा.

ही फळी हळूहळू त्याच्या तोंडापुढे उभी करा. समोर भिंत आली की झडप घालायला काही उरत नाही. आता डबा आडवा करून मागच्या बाजूने, मातीला टेकवून पुढे सरकवा. बेडूक दाबला गेला की मागे सरकतो, आणि मागे डब्याचं तोंड असतं. तो रुतून बसला असेल तर डब्याची कड मातीत दोन-तीन सेंटिमीटर खुपसून मातीसकट उचला. मातीचा ढेकूळ बरोबर आला तर बरंच, त्याला आधार वाटतो. डबा सरळ करतानाच फळी वरून झाकणासारखी येऊ द्या, मग फळीच्या जागी झाकण.

फसतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, वरून हात खाली येतो. वरून झेप घेणारा म्हणजे पक्षी, ही भीती त्याच्या हाडात आहे. म्हणून सगळ्या हालचाली खालून आणि बाजूने करा. दोन, झाकण लावायला उशीर होतो. पिक्सी थुलथुलीत दिसला तरी एका उडीत बादलीबाहेर जातो. डबा टाकीच्या आतच झाकायचा, बाहेर आणून नाही.

डबा हाताशी नाही, हातानेच उचलावं लागलं तर?

जमिनीवर बसून करा आणि खाली ओलं सुती फडकं पसरा. मागच्या बाजूने या. एक तळवा पुढच्या पायांच्या मागून छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. अंगठा पाठीवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. पोट आवळलं की आतली इंद्रियं दुखावतात. तोंड तुमच्यापासून आणि दुसऱ्या माणसापासून लांब ठेवा, आणि बोटं जबड्याच्या रेषेपुढे येता कामा नयेत, कारण हा बेडूक मान वळवू शकत नसला तरी अख्खं अंग गर्रकन फिरवतो.

उचलताच तो पाण्याची पिचकारी सोडेल. पुष्कळजण तिथेच दचकून हात सोडतात. ते मूत्राशयातलं साठवलेलं पाणी असतं. ते गेलं म्हणजे त्याची शिदोरी गेली. काम झाल्यावर त्याला अर्धा तास उथळ, स्वच्छ पाण्यात बसवा.

जाड हातमोजे घातले तर?

बागकामाचे किंवा चामड्याचे नकोत. त्यांनी कातडीवरचा चिकट संरक्षक थर खरवडला जातो, आणि आपण किती जोर लावतोय हे कळत नाही. पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे घ्या, क्लोरीन काढलेल्या पाण्यात बुडवून ओले करा. हे मोजे चावा थांबवत नाहीत. ते त्याच्या कातडीचं तुमच्या हातापासून आणि तुमचं त्याच्या जिवाणूंपासून रक्षण करतात. चाव्याला उपाय फळीचाच.

मोजे नसतील तर हात साबणाने धुवून चालेल?

आधी साबणाने धुवा, मग साबणाचा कणही राहू नये इतकं पाणी ओता, आणि शेवटी क्लोरीन काढलेल्या पाण्यात हात बुडवा. क्रीम, अत्तर, सॅनिटायझर, डासांचं मलम लावलेला हात नको. नुकतेच झिंगे सोललेत किंवा मटण धुतलंय, तर त्या दिवशी टाकीत हातच घालू नका.

बडोद्यात महापालिकेचं पाणी मही नदीचं असो की आजवा तलावाचं, क्लोरीन घालूनच येतं. बादली उघडी ठेवून चोवीस तासांत साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर मत्स्यालयासाठी मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घाला. सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर क्षार वाढतात. टीडीएस मोजायचं यंत्र घरात असेल तर एकदा तपासा. फक्त आरओचं पाणी कायम वापरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात. निम्मं-निम्मं मिसळा.

खाऊ घालताना बोटं कशी वाचवायची?

तीस सेंटिमीटरचा लांब चिमटा, टोकं रबराची किंवा बांबूची. धातूच्या टोकावर तो तितक्याच जोराने तुटून पडतो आणि टाळूला जखम होते. खाद्य टोकाच्या शेवटच्या भागात धरा आणि तोंडासमोर चार-पाच सेंटिमीटरवर हलवा. त्याने धरलं की लगेच चिमटा सैल करा, रस्सीखेच करू नका. चिमटा रोज एकाच बाजूने आणा. सफाईचा डबा नेहमी दुसऱ्या बाजूने आणा.

मोठ्या पॅकमॅनला सात ते दहा दिवसांतून एकदा पुरतं. झुरळं घरातली धरून घालू नका, त्यांवर औषध मारलेलं असतं. पैदाशीची डुबिया झुरळं, रातकिडे, रेशमाच्या अळ्या चालतात. गांडुळं उत्तम, पण गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं कडू वासाचा द्रव सोडतात आणि बेडूक ती थुंकतो. साधी मातीतली, खत-औषध न मारलेल्या जागची घ्या. उंदराचं पिल्लू महिन्याला एकाहून जास्त नको, चरबी चढते. कीटकांवर फॉस्फरसविरहित कॅल्शियमची भुकटी भुरभुरवा. कॅल्शियम कमी पडलं की जबडा मऊ आणि वाकडा होतो.

दोन बेडूक एकत्र ठेवले तर?

एक उरतो.

सफाई करताना तो आतच असला तर?

रोजची विष्ठा लांब चमच्याने काढा, फळी मध्ये धरून. पाण्याचं तसराळं रोज बदला. तो पाण्यातच घाण करतो आणि त्याच पाण्यात बुड टेकून बसतो. बुडाखालच्या पातळ कातडीतून तो पाणी पितो, तसाच अमोनियाही पितो. मागचे पाय ताठ झालेत, तो सैरभैर उड्या मारतोय किंवा थरथरतोय, तर लगेच डब्याने काढून स्वच्छ उथळ पाण्यात ठेवा, पाणी दर तासाला बदला आणि डॉक्टर गाठा.

पूर्ण माती तीन-चार आठवड्यांनी बदला. नर्सरीत मिळणारी कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची वीट घ्या, मात्र ती दोन-तीन पाण्यांतून धुवून घट्ट पिळा, काही विटांमध्ये मीठ असतं. थर आठ-दहा सेंटिमीटरचा हवा. काच धुवायला फिनाइल, डेटॉल नकोत. गरम पाणी आणि घासणी पुरते.

एप्रिल-मेमध्ये तो जास्त चिडका का होतो?

उकाड्याने. त्याला २४ ते २८ अंश मानवतं. पारा तिशीच्या वर गेला की ताण सुरू होतो, आणि बडोद्यात बाहेर चाळिशी ओलांडलेली असते. पश्चिमेकडच्या गॅलरीत ठेवलेली टाकी दुपारी भट्टी होते. घरातल्या सगळ्यात गार, आतल्या खोलीत ठेवा. एसी नसेल तर अर्ध्या लिटरची बर्फाची बाटली सुती रुमालात गुंडाळून जाळीच्या झाकणावर ठेवा, गारवा खाली उतरतो. बाटली आत ठेवायची नाही. तापमान तिशीच्या वर असताना हाताळणी पूर्ण बंद.

फार तापलं आणि माती सुकली तर तो खोल जाऊन कातडीच्या थरांचा कोश अंगाभोवती बांधतो. सुकलेल्या कांद्याच्या सालीसारखा दिसतो, हलत नाही. मेला समजू नका आणि ती साल सोलूही नका. सव्वीस अंशांच्या, नाकपुड्या बुडणार नाहीत इतक्या उथळ पाण्यात ठेवा. साल आपोआप सुटते आणि तो बहुधा स्वतःच ती खातो. शुद्धीवर आलेला बेडूक उपाशी असतो, तेव्हा बोटं सांभाळा.

हिवाळ्यात उष्णतेची गादी लावणार असाल तर टाकीच्या बाजूला, थर्मोस्टॅटसह. तळाखाली लावली तर उष्णतेपासून पळायला तो खाली खणतो आणि भाजतो.

डॉक्टरकडे कसा न्यायचा?

तोच डबा. तळाला बिनवासाचा टिश्यू पेपर ओला करून चुरगळून घाला. पाणी भरू नका, गाडीच्या हिसक्यात ते नाकातोंडात जातं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत निघा, दुपारी रिक्षाने नको. बेडूक बघणारे डॉक्टर कमी आहेत, म्हणून आधी फोन करून विचारा. आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अंतर चाळीसेक किलोमीटर. निघण्यापूर्वी डब्यासकट वजन करून रिकाम्या डब्याचं वजा करा आणि तो आकडा लिहून न्या. औषधाचा डोस त्यावरच ठरतो.

घरात लहान मुलं आणि आजी आहेत.

पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी झालेली मोठी माणसं यांनी बेडूक किंवा टाकीला हात लावू नये. मोठ्या मुलांना बघू द्या, वजनाची वही लिहायला द्या. झाकणाला दोन्ही बाजूंनी क्लिप हवी. चावलेलं मूल हात झटकतंच, त्याला ‘थांब’ सांगून उपयोग नसतो.

पावसाळ्यात शेतात मोठे पिवळे बेडूक निघतात. त्यातला एक धरून पाळला तर?

नाही. तो आपला देशी बुलफ्रॉग. पहिल्या पावसात नर पिवळाधमक होतो आणि गळ्याखाली निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे. एके काळी तंगड्यांसाठी तो इतका मारला गेला की १९८७ साली निर्यातीवर बंदी घालावी लागली. अंगणात आला तर ओल्या डब्याने झाकून कुंपणाबाहेर सोडा, पद्धत वर दिलेलीच.

आता सांभाळणं होत नाही. विश्वामित्री नदीत सोडू का?

कृपा करून सोडू नका, तळ्यात नाही आणि कमाटीबागेतही नाही. परका बेडूक थंडीत किंवा उन्हात मरतो, आणि जगला तर स्थानिक बेडूक खातो. पाळीव बेडकांच्या अंगावरून कायट्रिड ही बेडकांच्या कातडीला लागणारी जीवघेणी बुरशी जंगली बेडकांत जाऊ शकते. आपलाच देशी बुलफ्रॉग माणसांमुळे अंदमानात पोहोचला आणि तिथल्या डबक्यांत त्याची पिल्लं स्थानिक बेडकांची पिल्लं खातात. याच कारणाने टाकीचं पाणीही नाल्यात ओतू नका, संडासात ओता.

देताना अनुभवी पाळणाऱ्याला द्या. टाकी, चिमटा आणि फळीसकट द्या, आणि तो कोणत्या बाजूने खातो, शेवटचं कधी खाल्लं, वजन किती आणि किती वेळा चावलाय, हे चिठ्ठीवर लिहून टाकीला चिकटवा.